चिखलोली स्थानक परिसर चालण्याजोगा करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
अंबरनाथ नगरपरिषद, अंबरनाथ

विषय : चिखलोली स्थानक सुरू होण्याआधी तेथील रस्ते, पदपथ व बांधकाम परवानग्यांचे नियोजन करण्याबाबत.

महोदय,

कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या कामात (मुंबई नागरी परिवहन प्रकल्प म्हणजे एमयूटीपी ३-अ, केंद्राची मान्यता २०१९) चिखलोली स्थानकाचा समावेश आहे. चिखलोली ज्यांच्यामध्ये येते त्या अंबरनाथ व बदलापूर स्थानकांतले अंतर सात-आठ किलोमीटर. मधल्या वस्तीला लोकल गाठायची तर रिक्षा किंवा दुचाकीच काढावी लागते. आम्हाला भीती वाटते ती ही की, स्थानक होईल, पण तिथवर पायी जाता येणार नाही.

मोठ्या भूखंडांवर संकुले उभी राहतात, भोवती सलग कुंपणभिंत आणि एखादेच फाटक. पाच मिनिटांची वाट वळशाने लांबते. विकास आराखड्यातील रस्ते मोबदल्याच्या वादात तुकड्यातुकड्यांत रखडतात, आणि अर्धवट रस्ता पादचाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. म्हणून आमची मुख्य मागणी : स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीत येणाऱ्या जमिनींसाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नगररचना योजना हाती घ्यावी. तीत भूखंडांची फेररचना होऊन मालकाला पुनर्रचित भूखंड मिळतो आणि रस्त्याची जागा एकसंध निघते. योजना मंजूर होईपर्यंत मोठ्या भूखंडाला परवानगी देताना त्यातून सार्वजनिक पायवाट सोडून घ्यावी.

पदपथावर खांब व झाडे वगळून किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले होते. स्थानकाचा पादचारी पूल तिकिटाविना ओलांडता यावा, त्याला उतार असावा, यासाठी नगरपरिषदेने मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आग्रह धरावा. रूळ ओलांडताना मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी शेकडो माणसे मृत्युमुखी पडतात. फेरीवाल्यांची जागा २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधीच आखावी.

स्थानकाजवळ दाट वस्ती नको, पाणी पुरत नाही, असे आमच्यातलेच अनेकजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. तेव्हा पाणी व मलनिस्सारणाची क्षमता तपासूनच भोगवटा प्रमाणपत्र द्यावे. मात्र स्थानकाजवळची घरे रोखली तर बांधकाम चिखलोली धरणाच्या पाणलोटाकडे सरकेल. ते आम्हाला मान्य नाही.

एमएमआरडीए, रेल्वे महामंडळ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांची संयुक्त बैठक एका महिन्यात बोलवावी व स्थानक परिसराचा नकाशा रहिवाशांसमोर ठेवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
चिखलोली परिसरातील रहिवासी