आधी मोजा, मग अंदाज सांगा

वळू दूध देत नाही. सगळी भानगड तिथंच आहे. गायीची धार काढून मापता येते, पण वळूची पारख करायची कशावरून? जुनी माणसं त्याची आई बघायची, खांदा, खूर, चाल बघायची आणि शेवटी त्याच्या लेकींवरून ठरवायची. आता वासराचं रक्त किंवा केस तपासून त्याच्या लेकी किती दूध देतील याचा अंदाज कागदावर मिळतो. देशी गायींसाठीची ‘गौचिप’ 5 ऑक्टोबर 2024 ला आपल्या वाशिममध्येच पंतप्रधानांनी सुरू केली, ती याच कामाची.

मी या शास्त्राच्या विरोधात नाही. लेकींवरून वळू पारखायचा तर हिशेब करा. खोंड दीड-दोन वर्षांचा होणार, नऊ महिने गाभण काळ, कालवड व्यायला तीन वर्षं, मग वेताचे 305 दिवस. सहा-सात वर्षं तिथंच गेली. शिवाय आईचं दूध बघून काम भागत नाही, कारण आईचे निम्मेच गुण पोरात उतरतात आणि कुठले निम्मे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर सख्ख्या दोन भावांच्या लेकी सारख्या निघत नाहीत. चिप तेवढं सांगते, हा तिचा मोठेपणा.

पण ती सांगते कशाच्या जोरावर? अमेरिकेत 2009 पासून होल्स्टीनच्या वळूंचे असे आकडे अधिकृत झाले आणि त्यांना फायदाही झाला. कारण त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या लाखो गायींचं दूध मोजून लिहून ठेवलेलं होतं. नव्या वासराची जनुकं त्या वहीशी ताडली की अंदाज निघतो. मोजमाप हा बाप, अंदाज हे त्याचं पोर. बाप जेवढा धडधाकट, तेवढंच पोर.

आणि आमच्या वाडीत मोजतंय कोण? डेअरीवर माप होतं ते किटलीचं. किटलीत चार गायींचं दूध एकत्र. कुठल्या गायीनं किती दिलं, ती कुठल्या वळूची लेक, कुणी लिहीत नाही. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, पण बिल्ल्याला दूध मोजता येत नाही.

आमची डांगी बघा. इगतपुरी, त्र्यंबक, अकोल्याकडची ही गाय. तेलकट कातडीवरून पाऊस निथळून जातो, काळी टणक खुरं. तिचा बैल आवणीच्या दिवसांत भाताच्या चिखलात उभा राहतो म्हणून आम्ही जगलो. हा गुण कुठल्या वहीत आकड्यानं लिहिलाय? जे लिहिलंच नाही, ते चिप कुठून वाचणार? मुरघास आणि पंख्याखालच्या गोठ्यात ज्याच्या लेकी दुधाळ ठरल्या, त्याच्या लेकी भाताच्या पेंढ्यावर आणि आषाढाच्या झडीत तशाच राहतील, हे कुणी छातीठोक सांगू नये.

प्रदर्शनात नंबर आलेल्या वळूमागं धावणाऱ्यांनीही खूश होऊ नये. गळ्यातली माळ म्हणजे लेकींचं दूध नव्हे.

तेव्हा करायचं काय? कांडी भरायला माणूस आला की वळूचा नंबर विचारा. तो कांडीवर छापलेला असतो. बिल्ल्याशेजारी तो वहीत उतरवा. महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकेका गायीचं दूध वेगळं मापा. वळूची शिफारस करणाऱ्याला विचारा, याच्या किती लेकी मोजल्या, किती गोठ्यांत, कुठल्या मुलखात? नुसत्या अंदाजावरचा तरुण वळू असेल तर सगळा गोठा त्याच्या एकट्याच्या नावावर करू नका. चार वेगवेगळे घ्या, म्हणजे एखादा फसला तरी बाकीचे तारतील. घरातल्या उत्तम गायीला मात्र लेकींवरून सिद्ध झालेला वळूच द्या.

फसगत कळायला चार वर्षं लागतात आणि चार वर्षं ती कालवड चारा आपलाच खाते. सरकारनं चिप दिली, चांगलं केलं. आता वाडीवाडीत दूधनोंदीला माणूसही द्यावा. आणि तो येईपर्यंत? वही दहा रुपयांना मिळते, पेन्सिल घरात आहेच.