कोणती करडई गाळता?

मार्चमध्ये नवी करडई बाजारात आली की परभणी, सेलू, जिंतूरच्या घाण्यांवर आधी उतारा विचारला जातो. रास्तच आहे, ज्या बियांत तेलच जेमतेम 28 ते 32 टक्के, तिथे एकेका टक्क्याचा हिशोब लागतो. पण त्या तेलात काय आहे, हे घाणेवाला क्वचितच विचारतो आणि गिऱ्हाईक तर नाहीच.

‘परभणी कुसुम’सारख्या आपल्या रुळलेल्या वाणांच्या तेलात सुमारे 75 टक्के लिनोलिक आम्ल असते, ओलिक 15 टक्क्यांच्या आतबाहेर. लिनोलेनिक जवळजवळ नाहीच, म्हणून या तेलात बनवलेला पांढरा रंग जवसाच्या तेलातल्यासारखा पिवळा पडत नाही. रंगाचे कारखानदार ते जाणतात. भाकरीवरच्या चटणीत कच्चे करडीचे तेल ओतायची आपली रीत योग्य आहे. हेच तेल कढईत दिवसभर उकळत ठेवले तर मात्र ते हवेशी झपाट्याने संयोग पावते, चिकट होते, खवट होते. ‘घाण्याचे आहे, काहीही तळा’ असे सांगून तेल विकणे थांबवायला हवे.

तळणाला ओलिक जास्त असलेले तेल हवे. चीनमध्ये कॅमेलियाच्या बियांचे तेल पिढ्यान्‌पिढ्या कढईत वापरतात; त्यात ओलिक 80 टक्क्यांच्या घरात. तिच्याच कुळातल्या चहाच्या झुडपाच्या बियांत ते बरेच कमी भरते. करडईत हा फरक एकाच पिकाच्या दोन वाणांत सापडतो. हाय ओलिक करडईच्या तेलात 70 टक्क्यांहून जास्त ओलिक असते. गंमत अशी, की हा गुण कॅलिफोर्नियात संशोधक नोल्स यांना भारतातून नेलेल्या बियाण्यात मिळाला आणि 1966 मध्ये तिथे ‘यूसी-1’ हा वाण आलासुद्धा. आपल्याकडे हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेचे असे वाण आले, ते अर्धे शतक उलटल्यावर.

अडचण सरमिसळीची आहे. हा गुण अप्रभावी जनुकाचा. शेजारच्या साध्या करडईचे पराग मधमाश्यांनी आणले की त्या दाण्यातले ओलिक लगेच घसरते. उरलेली भेसळ आडत्याच्या ढिगात होते, आणि घाण्यातल्या आधीच्या गाळपाच्या अवशेषातही. दाणा पाहून काही कळत नाही. तेलाचे कळते: 40 अंशांवर अपवर्तनांक साध्या तेलाचा 1.467 ते 1.470, हाय ओलिकचा 1.460 ते 1.464. तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ही काही प्रयोगशाळेची मिरासदारी नव्हे. शंका उरली तर आयोडीन मूल्य काढून घ्यावे. पहिल्याचे 135 च्या वर, दुसऱ्याचे 80 ते 100.

पेंडीचे दुखणे कॅमेलिया आणि करडई दोन्हींत आहे. कॅमेलियाच्या पेंडीत सॅपोनिन, म्हणून ती तळ्यातले नको ते मासे मारायला जाते. आपली पेंड कडवट आणि सारक द्रव्यांमुळे बेताने चारावी लागते, एवढेच.

काट्यांमुळे मजूर करडईच्या फडात जायला नाखूश असतात. त्यावर परभणी कृषी विद्यापीठाचा ‘पीबीएनएस 40’, फलटणचा ‘नारी-6’ असे बिनकाटेरी वाण आहेत, आता हार्वेस्टरही फिरतो. वेगळे वाण वेगळे ठेवण्याचा खटाटोप मात्र शेतकरी फुकट करणार नाही. पेरणी सप्टेंबरअखेरीस सुरू होते. हाय ओलिक मालाला किती जादा देणार, हे घाणेवाल्यांनी पोळ्याच्या सुमारास जाहीर करावे, आणि त्या मालासाठी वेगळी टाकी तोवर बसवून घ्यावी.