पायरीवरचा निवाडा

‘हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ यंदा आमचे डोके पावसाने उठवले नाही, पेडण्याच्या रस्त्यांनीही नाही. या एका वाक्याने उठवले. पोलीस ठाण्याच्या पायरीवर ते मिळते, फुकट मिळते आणि लगेच मिळते. या तालुक्यात इतक्या तत्परतेने दुसरे काही मिळत असल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आमची वकिली आणि हा दिवाळी अंक एकाच टेबलावरून चालतात, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा संपादकीयात कोर्टकचेरी शिरली तर त्यांना नवल वाटू नये. वर्षभरात कचेरीची पायरी चढलेली बहुतेक माणसे आधी ठाण्यावर जाऊन, हे वाक्य ऐकून मगच आमच्याकडे आली. कुणाच्या पाणंदीवर हिरवे पत्रे ठोकलेले, कुणाच्या आज्याची भरड वन-फोर्टीनच्या जमीन-उताऱ्यावर भलत्याच्याच नावे चढलेली, कुणाला हॉटेलच्या भागीदाराने बुडवलेले. रोग वेगवेगळे, पुडी एकच.

हरमलपासून फार लांब नाही अशा एका वाड्यावरच्या बाईंचे उदाहरण घ्या. नवरा नाही, मुलगा बोटीवर. परसाला चिऱ्याचा गडगा, सासऱ्यांच्या हातचा. पावसाळा संपत आला तशी एका रात्री जेसीबी आली आणि गडग्याचा पाऊणएक भाग आडवा करून गेली. सकाळी तिथे लोखंडी खांब रोवलेले. बाई ठाण्यावर गेल्या. हवालदार सभ्य होता, ‘मावशी’ म्हणून बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाला, ‘जमीन तुमची की त्यांची हे आम्ही कसे ठरवणार?’ त्यावर बाई म्हणाल्या, ‘जमीन कोणाची तें मागीर पळयात, गडगो कोणें मोडलो तितलें बरयात.’

आम्ही इतकी वर्षे काळा कोट घालतो, पण दिवाणी आणि फौजदारीतली रेघ इतक्या थोडक्यात मांडणे आम्हाला जमलेले नाही. मालकी कोणाची, हा प्रश्न दिवाणी; तो पुराव्याने, सवडीने सुटेल. पण ताब्यातल्या माणसाला धमकवायला किंवा छळायला रात्री त्याच्या आवारात शिरणे हा फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२९व्या कलमात तो आहे, पूर्वी दंड संहितेच्या ४४७मध्ये होता, आणि दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगून ठेवले आहे. एकाच कृत्यातून दिवाणी दावाही उभा राहू शकतो आणि फौजदारी गुन्हाही. दोन्हींपैकी एकच निवडा, असा कायदा कुठेही नाही. पायरीवर मात्र आहे.

बरे, या उत्तराची किंमत काय ती बघा. बेकायदा हुसकावलेल्या माणसासाठी विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमात एक सोपी वाट ठेवलेली आहे. तिथे मालकीची चर्चाच नको. ताबा होता आणि तो कायदेशीर मार्गाने न जाता काढून घेतला, एवढे दाखवले की पुरे. पण त्याला मुदत सहा महिन्यांची. आमच्याकडे येणारा माणूस या सहा महिन्यांतला बराचसा काळ ‘उद्या साहेब येतील’, ‘अर्ज ठेवून जा’, ‘दोघांना बोलावून समज देतो’ यात घालवून आलेला असतो. मुदत टळली की उरतो तो मालकीचा मोठा दावा, म्हणजे वारस शोधा, जुने दस्त काढा, सर्व्हेचा नकाशा जुळवा. तो दावा संपेपर्यंत समोरच्याच्या खांबांवर गेस्ट हाऊस उभे राहून त्याच्या दोन रंगरंगोट्या झालेल्या असतात.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती जास्त चीड आणते. ठाण्याची हीच पायरी काही लोकांना लागतच नाही. भाडेकरार फिसकटला, भागीदारीत पैसे अडकले, की सरळ फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो आणि दुसऱ्या दिवशी समोरचा माणूस अटकपूर्व जामिनासाठी म्हापशाला धावतो. दिवाणी वादाला फौजदारी झूल चढवण्याच्या या खोडीवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली इंडियन ऑइलच्या निकालात बोट ठेवले होते. गेल्या एप्रिलात तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना उत्तर प्रदेशच्या पोलिसांवर याच कारणावरून कडाडले. आपण गोव्यात बसून ते वाचले आणि ‘तिकडे असेच चालते’ म्हणून पान उलटले. इकडे दोन्ही चालते, माणूस बघून.

जमीन बळकावण्याच्या प्रकरणांत हे सगळ्यांत ढळढळीत दिसले. पद्धत आता सर्वांना कळली आहे. ज्याचा मालक वारला किंवा परदेशी गेला अशी जमीन हेरायची, पोर्तुगीज काळातला वाटेल असा दस्त बनवायचा, तो पुराभिलेखातल्या जुन्या नोंदवह्यांत घुसवायचा आणि मग रीतसर अर्ज करून त्याची प्रमाणित नक्कल मागायची. नक्कल अगदी खरी, मूळ तेवढे खोटे. त्यावर म्युटेशन आणि त्यावर विक्री. सरकारने विशेष तपास पथक नेमले ते जून २०२२मध्ये, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोग त्यानंतर. तोवर कितीजणांना ‘दस्त खोटा असेल तर कोर्टातून रद्द करून घ्या’ असे ऐकवले गेले असेल! पुढे डिसेंबर २०२४मध्ये याच प्रकरणातला एक प्रमुख संशयित कोठडीतून पसार झाला, तोही एका शिपायाच्या मदतीने. यावर विनोद करायचीही सोय उरली नाही.

पेडण्यात याला आणखी एक अस्तर आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून विक्रीला दोघांच्या सह्या. माणूस गेला की इन्व्हेंटरी करून वाटण्या करायच्या. आता ती २०१२च्या वारसा कायद्याखाली होते. पण करतो कोण? अर्धे वारस गिरगाव-परळात, आजोबांचे नाव वन-फोर्टीनवर तसेच, कुळाचे नाव एका रकान्यात, मुंडकाराचे दुसऱ्या. चतुर्थीला सगळे जमतात, माटोळी बांधतात, वाटणीचा विषय निघाला की देवासमोर नको म्हणतात आणि विसर्जनानंतर परत जातात. बळकावणाऱ्याला याहून सोयीचे कुळ कुठे सापडणार?

आसगावचे सांगायलाच नको. जून २०२४मध्ये बाउन्सर आणि जेसीबी आणून राहत्या घराचा काही भाग पाडला गेला. गोवा पेटला तेव्हा कुठे गुन्हे नोंदले, अटका झाल्या, पोलीस अधिकारी निलंबित झाले. पण राज्यभर बोंब उठेल असे नशीब प्रत्येक गडग्याचे नसते.

वर्षाचा आढावा म्हणाल तर तो थोडक्यात. नव्या फौजदारी कायद्यांना १ जुलैला एक वर्ष पुरे झाले. कलमांचे आकडे बदलले, ४२० जाऊन ३१८ आले, पण लोक अजून ४२०च म्हणतात आणि म्हणत राहणार. हरमलच्या गिरकरवाड्यातली बांधकामे उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर गेली, म्हणून तरी त्यांची मोजदाद झाली. मार्चमध्ये त्याच खंडपीठाने राज्यभरच्या बेकायदा बांधकामांना हात घातला, आणि दिवाळीच्या तोंडावर सरकारने ‘म्हजें घर’ आणले. गरिबाचे घर नियमित व्हावे, याला आमची ना नाही. गरिबाच्या आडून कोण कोण नियमित होते ते पुढच्या अंकापर्यंत दिसेलच. आणि जानेवारीत आपल्याच किनाऱ्यावर पलंग मांडण्याच्या वादातून झालेल्या मारहाणीत गावातला एक माणूस जिवानिशी गेला. खटल्याविषयी आम्ही बोलणार नाही. पण किनाऱ्यावरचे अर्धे व्यवहार परवाना एकाच्या नावे आणि गल्ला दुसऱ्याच्या हाती, असे चालतात. शॅक पोटभाड्याने देता येत नाही, तरी दिला जातो. असा करार कुठल्याच कोर्टात दाखवता येत नाही, म्हणून त्यातले भांडण वाळूतच मिटवायचे असे ठरते, आणि वाळूत ते कसे मिटते हे आपण पाहिले.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवरून लेखन आले आहे. शिरोड्याचे, सावंतवाडीचे, डिचोलीचे लेखक आहेत, दशावताराच्या रात्री शेजारच्या गावची माणसे कशी चालत यायची यावर एक सुरेख लेख आहे, कथा नेहमीपेक्षा कमी आणि चांगल्या आहेत. संपादकीयाचा या विषयाशी संबंध काय, असे कुणी विचारील. तर सांगतो, दिवाणी दाव्यातला प्रतिवादी बहुतेकदा शेजारीच असतो. एवढा संबंध आम्हाला पुरतो.

आमच्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. ‘एक क्रिमिनल टाकून ठेवूया, दडपण येते’ हा सल्ला आपणच देतो. अशा पोकळ तक्रारींच्या गठ्ठ्याने पोलीस वैतागतात आणि मग खऱ्या तक्रारीवरही तेच उत्तर फेकतात. हवालदाराचा दोष आहेच, पण त्याच्या तोंडी ते वाक्य घालायला आपणही हातभार लावलेला आहे. शिवाय त्याची एक अडचण खरी आहे: जमिनीचा कागद वाचायला त्याला कुणी शिकवलेले नाही, आणि शिकवायचे कुणाच्या डोक्यातही नाही.

तर आमची मागणी छोटी आहे. ठाण्याने ‘नाही’ जरूर म्हणावे, पण कागदावर म्हणावे, कारणासह, सहीशिक्क्यानिशी. वाचकांनी तोवर एवढे करावे: तोंडी सांगून परतू नये, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना आधी चौकशी करायची असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यांना १४ दिवस दिले आहेत, १४ महिने नव्हेत. नोंद नाकारली तर कलम १७३(४) खाली तीच खबर टपालाने अधीक्षकांना पाठवता येते. तिथेही काही हलले नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून दंडाधिकाऱ्यांकडे. आणि तिथे आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्यांना ठाण्याचे म्हणणेही ऐकावे लागते. म्हणजे पायरीवर चार शब्दांत दिलेला निवाडा ठाण्याच्या साहेबांना पहिल्यांदाच, सहीनिशी, कारण देऊन लिहावा लागतो.

— संपादक
हरमल, दिवाळी २०२५