किनाऱ्यावरील जमीन : घाई आणि परिमाण

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी 1664 साली सुरू झाली. भर समुद्रातील तटाच्या पायात शिसे ओतण्यात आले आणि काम पुरे होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी तट उभा आहे. त्याच तटासमोरच्या किनाऱ्यावर आज जमिनीचे सौदे मात्र पुष्कळदा रविवारच्या एका फेरीत ठरतात.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली आणि 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. घाटावरची व्यापारी कुटुंबे सुट्टीत तारकर्लीला येतात, माडांमागचा समुद्र पाहतात आणि परतीच्या वाटेवर इसार देण्याची भाषा सुरू होते. जमीन घेण्यात गैर काही नाही. ती कोणत्या पैशातून आणि किती गतीने घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

समजा, कापडाच्या एका व्यापाऱ्याजवळ 40 लाख रुपये आहेत. त्यांपैकी 25 लाख माल आणि उधारीत फिरणारे आहेत. खरी शिल्लक 15 लाखांची. त्याने 35 लाखांची जागा घेतली, तर दिवाळीपूर्वी माल भरण्यास हात आखडतो. मग कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यावी लागते आणि व्याज नफा खाऊ लागते. जागेचा भाव कागदावर वाढला तरी त्यातून घाऊक व्यापाऱ्याचे देणे फिटत नाही, कारण योग्य गिऱ्हाईक मिळून खरेदीखत होईपर्यंत महिने, प्रसंगी वर्षे जातात. चालते दुकान अशा वेळी चांगल्या जमिनीपायी अडचणीत येते. म्हणून खेळते भांडवल, घरखर्चाची किमान सहा महिन्यांची तरतूद आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा बाजूला काढून जे उरेल, त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम पहिल्या व्यवहारात गुंतवू नये.

पहिले वर्ष केवळ अभ्यासाचे असावे. शेतजमीन घ्यायची असेल तर घेणारा शेतकरी आहे का, हे आधी पाहावे. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. त्यानंतर सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार वाचावेत. कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदार असणे नवलाचे नाही. त्यांतील काही मुंबईत असतात, तर काही मृतांच्या वारसांची नोंदच झालेली नसते. दोघा भावांनी सही केली म्हणून उरलेल्यांचा हक्क संपत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा वाटेचा हक्क नोंदलेला असू शकतो. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. जाणत्या वकिलाकडून 30 वर्षांचा शोध आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी, या दोन खर्चांत काटकसर करू नये.

जितका समुद्र जवळ, तितका मोह मोठा आणि नियमही कडक. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. खाडीकाठासाठी वेगळी मर्यादा आहे. देवबागसारखे गाव तर कर्ली नदी आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. मे 2021 मधील तौक्ते वादळाचा तडाखा या किनाऱ्याने सोसला आहे. यासाठी जागा एकदा तरी भर पावसात पाहावी. पाणी कोठे तुंबते, रस्ता उरतो की केवळ पायवाट, विहिरीचे पाणी गोडे आहे की मचूळ, हे जानेवारीतील सहलीत कळत नाही.

दुसऱ्या वर्षी एकच, लहान आणि निर्वेध व्यवहार करावा. तयार घर किंवा प्रकल्पातील भूखंड घ्यायचा असल्यास महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. नोंदणीकृत प्रकल्पात खरेदीदारांकडून येणाऱ्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन विकासकावर असते. साठेखत नोंदणीकृत करावे आणि पैसे बँकेमार्फतच द्यावेत. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे.

तिसरे वर्ष थांबण्याचे. पर्यटकांसाठी खोल्या देण्याचा विचार असेल, तर पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि समुद्रातील जलक्रीडा बंद असतात, हे उत्पन्नाच्या हिशेबात धरावे. राखणदार, कुंपण, खाऱ्या हवेने गंजणारे लोखंड आणि घरपट्टी हा खर्च मात्र बाराही महिने चालतो. एका वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च हाती येईपर्यंत दुसऱ्या जागेकडे वळू नये.

गृहस्थ श्रावकासाठी आपल्या परंपरेत परिग्रह-परिमाण व्रत आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचाच उल्लेख प्रथम येतो. जमिनीची हाव कोठे थांबत नाही, हे पूर्वाचार्यांनी नेमके ओळखले होते. दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा घरातील सर्वांनी, मुलींनी आणि सुनांनीही, एकत्र बसून वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहावेत : स्थावरात जास्तीत जास्त किती रक्कम घालायची आणि व्यापारातून काय काढायचे नाही. पुढे तारकर्लीच्या वाळूत उभे राहून कोणी ‘उद्या हा भाव मिळणार नाही’ असे म्हणाले, तर इसार देण्यापूर्वी घरी परतून ते पान उघडावे.