आधी मशागत, मग पेरणी



'खरीप' आणि 'रब्बी' हे दोन शब्द तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले आहेत. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्नही येतो. हे शब्द तुम्हांला परके वाटायला नकोत, कारण मराठीने ते अरबीतून घेतले आहेत. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत ऋतू. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावातही हाच शब्द आहे.

आता थोडा विचार करा. आपल्याकडे रब्बीची पेरणी सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे थंडीच्या तोंडावर होते. मग या हंगामाला वसंताचे नाव का मिळाले? कारण पीक हाती येते ते वसंतात. म्हणजे नाव पडले ते कापणीवरून! माणसाचा स्वभावच असा आहे. फळ त्याच्या लक्षात राहते, पण फळाआधीची तयारी तो विसरून जातो.

या तयारीला मराठीत 'मशागत' म्हणतात. हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'मशक्कत' म्हणतो, तोच हा शब्द. उर्दूत त्याचा अर्थ कष्ट. मराठीत त्याच कष्टाला जमिनीची जोड मिळाली. जमीन खणणे, ढेकळे फोडणे, तण काढणे, खत मिसळणे म्हणजे मशागत. माझे मत असे आहे की, प्रत्येक शाळेत मुलांनी ही मशागत स्वतःच्या हातांनी करावी आणि ती थंडीच्या आधी करावी.

थंडीच का? बहुतेक शाळांत जुलै महिन्यात झाडे लावली जातात. खड्डा खणतात, रोप ठेवतात, टाळ्या वाजतात. पण पुढे एप्रिल-मे येतो, शाळेला सुट्टी लागते आणि पाणी घालायला कोणी नसल्यामुळे यांतली पुष्कळ रोपे वाळून जातात. झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु पेरण्यापासून काढण्यापर्यंतचे सगळे काम मुलांना पाहायचे असेल, तर त्यासाठी हिवाळी भाजीपाला हाच उत्तम. पाऊस संपलेला असतो, पण जमिनीत ओल असते. ऊन सौम्य असते, त्यामुळे पाणी कमी लागते. बी वाहून जाण्याची भीती नसते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा या पिकांना तर थंडी मानवतेच.

शिवाय शाळेचे वेळापत्रकही जुळते. मेथी सुमारे ३० दिवसांत काढणीला येते. कोथिंबीर आणि मुळा यांना साधारण ४० ते ५० दिवस लागतात. गाजराला तीन महिने पुरतात. ऑक्टोबरात मशागत केली आणि नोव्हेंबरात बी पेरले, तर डिसेंबरात मेथीची जुडी हातात येते आणि वार्षिक परीक्षेच्या आधी गाजरेही निघतात.

आता मशागत कशी करायची ते पहा. दिवसातून निदान सहा तास ऊन लागेल अशी जागा निवडा. ती कुदळीने वीतभर खोल खणा. दगड, काचा, प्लॅस्टिक वेचून काढा. माती आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या, म्हणजे तणांची मुळे वाळतील आणि किडींचे कोष उघडे पडून पक्षी ते वेचतील. मग चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळा. ताजे शेण घालू नका. ते कुजताना रोपांना इजा करते आणि त्याने हुमणीसारख्या किडी वाढतात. वाफा एक मीटरपेक्षा रुंद नसावा. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि भुसभुशीत केलेली माती पुन्हा दबत नाही.

पेरताना एक साधा नियम लक्षात ठेवा. बी जेवढे जाड, त्याच्या दोन-तीन पट खोल ते पेरावे. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर पाण्यात भिजवावेत. मुळा-गाजराचे बी जागेवरच पेरावे, कारण त्यांचे रोप उपटून दुसरीकडे लावले तर मूळ वाकडे होते. सगळे बी एकाच दिवशी पेरू नका. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरा, म्हणजे भाजी सतत मिळत राहील.

एका कडेला हरभराही पेरा. महिन्याभराने त्याचे शेंडे खुडले की झाडाला जास्त फांद्या फुटतात आणि खुडलेल्या पानांची भाजी होते. हरभऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पीक काढल्यावर मुळे मातीतच राहू द्या. अशी मुळे कुजली की जमिनीचा कस वाढतो. म्हणजे एका पिकाचा शेवट ही दुसऱ्या पिकाची मशागत असते.

काही जण म्हणतील, "आमची शाळा शहरात आहे. अंगण फरसबंदीचे. जमीन कोठून आणावी?" भिवंडी, मालेगाव, मुंबई येथील अनेक उर्दू शाळांची हीच अडचण आहे. पण मेथीला वीतभर माती पुरते. तेलाचा रिकामा डबा घ्या, तळाला भोके पाडा आणि तो उन्हात ठेवा. पाण्याची टंचाई असेल तर हात धुण्याचे आणि वजूचे पाणी वाया घालवू नका. त्यात साबण नसेल तर ते वाफ्याला चालते. सुट्टीतही पाणी लागते, म्हणून दोघादोघांच्या पाळ्या आधीच ठरवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काही पालक म्हणतात, "आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, माती खणायला नाही." त्यांची तळमळ मला कळते. ज्यांनी आयुष्यभर यंत्रमागावर किंवा हातगाडीवर कष्ट केले, त्यांना आपल्या मुलांच्या हाती लेखणीच हवी असते. परंतु माती खणणे हे अडाण्याचे काम आहे असे मुलाच्या मनात बसले, तर ते शिक्षण अपुरे राहिले असे मी म्हणेन. बाजारात मेथीच्या जुडीसाठी आपण दोन-चार रुपयांची घासाघीस करतो. त्या जुडीमागे किती दिवसांचे काम आहे, हे वाफ्यात बसून निंदणी केलेल्या मुलाला नेमके कळते. असा मुलगा किंवा मुलगी भाजीवाल्या मावशीशी वेगळ्या आवाजात बोलेल, अशी माझी खात्री आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याचेच उदाहरण घ्या. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गादीवाफ्यावर टाकतात. सहा-आठ आठवड्यांनी एकेक रोप उपटून वाकलेल्या कमरेने शेतात लावतात. कांदा निघतो मार्च ते मे या काळात. तो टिकाऊ असतो, म्हणून चाळीत साठवतात. सप्टेंबरात तुमच्या ताटात येणारा कांदा बहुधा असाच साठवलेला असतो. म्हणजे जवळजवळ वर्षभरापूर्वी कोणीतरी तुमच्यासाठी तयारी केलेली असते. मालेगावच्या मुलांना हे शेत पाहायला फार दूर जावे लागणार नाही.

मराठीचा तास तुमच्यापैकी काहींना अवघड वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण बाग, जमीन, हंगाम, मशागत हे शब्द तुमच्या घरात आधीपासूनच आहेत. वाफा, खुरपे, आळे, निंदणी हे शब्द वाफ्याजवळ बसलात की आपोआप तोंडी येतील.

तेव्हा मित्रांनो, पाऊस ओसरण्याची वाट पाहत बसू नका. जेवणाच्या सुट्टीत शाळेभोवती एक फेरी मारा आणि ऊन कोठे जास्त वेळ राहते ते पाहून ठेवा. पालापाचोळा जाळू नका, एका कोपऱ्यात साठवून कुजत ठेवा. खत व्हायला त्याला तीन-चार महिने लागतात. मग आपल्या सरांकडे किंवा बाईंकडे जाऊन एक कुदळ मागा. बी नंतर मागितले तरी चालेल.