लॉर्ड हॅरिस आणि क्रिकेटचे श्रेय

संपादक महाशय यांस,

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे उमराव आणि १८९० ते १८९५ या काळातील मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांस आपल्या गतांकातील लेखात हिंदी क्रिकेटचे जनकत्व बहाल केले आहे, ते इतिहासास धरून नाही. पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ साली काढला, तेव्हा हॅरिससाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांच्या अमदानीत हिंदू व मुसलमान जिमखान्यांस जमिनी मिळाल्या, हे मान्यच. तथापि गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी उखडलेल्या मैदानावर खेळत, सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज करीत ज्यांनी हा खेळ रुजविला, त्या पारशांचे श्रेय त्यांचे त्यांस मिळावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कतारगाम (सुरत)