वर्दी देणाऱ्यालाच वाळीत?

साथीची पहिली वर्दी देणाऱ्या घरालाच गावाने वाळीत टाकले, तर पुढच्या खेपेस तोंड कोण उघडील? राष्ट्रांच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. १९९४ साली सुरतेत प्लेग उद्भवल्याची वार्ता पसरताच अनेक देशांनी भारताकडील विमाने थांबविली, आपल्या मालासही दारे बंद केली. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तत्परतेने जगापुढे ठेवली. तिच्या पदरी प्रवासबंदी पडली. पुढे उघड झाले की, त्या वर्दीपूर्वीच नेदरलँड्समध्ये घेतलेल्या नमुन्यांतही तो विषाणू होता!

२००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, जगास धोका ठरू शकेल अशा साथीची छाननी होताच २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेस कळविणे बंधनकारक आहे. वाहतूक व व्यापार यांत अकारण अडथळा आणू नये, असेही तेच नियम सांगतात. पहिल्याची सक्ती आणि दुसऱ्याकडे काणाडोळा, हा कोणता न्याय? मे २०२५ मध्ये महासाथ करार संमत झाला. परंतु रोगजंतूंचे नमुने देणाऱ्यांस लशीचा वाटा कसा मिळावा, हा कळीचा प्रश्न त्या वेळी पुढील वाटाघाटींवरच सोपविण्यात आला.

प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे व औषधसाठा ही सिद्धता हवीच. पण सत्य सांगणाऱ्या देशाचे नुकसान भरून देण्याची सोय नसेल, तर ती अपुरीच राहील, असे आम्हांस वाटते. बंदरांच्या आधाराने जगणाऱ्या आपल्या किनाऱ्यास तरी दारे बंद होण्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.